बुधवारचा बाजार आणि संगणकाचं अपडेट: वेळ आपल्या हातात कशी ठेवायची?

डिचोलीकर | २६ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी,

डिचोलीच्या बाजारात माझं छोटं दुकान आहे. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, एक-चौदाचे (जमिनीच्या नोंदीचे) उतारे काढून देणं, अशी कामं. दोन संगणक आहेत. नव्यावर विंडोज ११ होम (घरगुती आवृत्ती) आहे, जुन्यावर विंडोज १० प्रो (व्यावसायिक आवृत्ती). परवा जे घडलं ते सविस्तर सांगतो, कारण सल्ला नीट मिळावा असं मनापासून वाटतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार. म्हणजे आमच्याकडे आठवड्याचा बाजार, त्यात दिवाळी चार-पाच दिवसांवर. सकाळपासून दुकानात रांग. एक बाई मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आल्या होत्या. "आयज निमाणो दीस मरे," म्हणजे आज शेवटचा दिवस, असं त्या दोनदा म्हणाल्या. अर्ज जवळजवळ भरून झाला, आधीची एक प्रिंट मध्येच अडकली, प्रिंटर गप्प. असं झालं की मी संगणक रीस्टार्ट करतो, दोन मिनिटांत सगळं सुरळीत होतं. घाईत पॉवरचं बटण दाबलं, वर जो पर्याय दिसला तो निवडला. तो 'अपडेट अँड रीस्टार्ट' होता. त्याखाली नुसतं 'रीस्टार्ट'ही होतं, ते मी वाचलंच नाही.

पडद्यावर गोल फिरायला लागलं. १२ टक्के, ३० टक्के, मग बराच वेळ ३० वरच. 'संगणक बंद करू नका' अशी ओळ खाली. मी ताबडतोब जुन्या संगणकावर तोच अर्ज उघडला, नंबर टाकला. तेवढ्यात आभाळ गडगडलं आणि लाईट गेली. आधी दोन्ही यूपीएस एका लयीत, सावकाश वाजत होते. पाचेक मिनिटांनी नव्या संगणकाच्या यूपीएसची लय वाढली. माझी नजर ६१ टक्क्यांवर, आणि तो बंद पडला. बाईंच्या हातातला फोन किणकिणला, ओटीपी आला होता. त्यांनी आकडे मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मधल्या आकड्यावर जुना संगणकही बंद पडला, कारण राउटरसुद्धा त्याच यूपीएसवर आहे आणि बॅटरी जुनी आहे. बाई उरलेले आकडे वाचून थांबल्या. ते टाकायला समोर काहीच नव्हतं.

लाईट आल्यावर नवा संगणक 'बदल मागे घेत आहोत' म्हणत जवळपास पाऊण तास बसला. अर्ज शेवटी माझ्या फोनवरून भरला, झाला. पण त्या बाईंना दोन वाजेपर्यंत थांबवून ठेवावं लागलं आणि तो दिवस काही डोक्यातून जात नाही.

तर प्रश्न असा: हे अपडेट कायमचं बंद करता येतं का? आणि करावं का?

---

खाजन | २६ ऑक्टोबर २०२५

दादा, सरळ बंद करा. मी मडगावात अकाउंटचं काम करतो, तीन वर्षं झाली, अपडेट बंद आहे. विंडोज ७ च्या काळी कंट्रोल पॅनलमध्ये 'नेव्हर चेक' म्हणून पर्याय होता, एका क्लिकमध्ये विषय संपायचा. विंडोज १० आलं २०१५ मध्ये आणि तो पर्याय गेला. घर आपलं, किल्ली आपली, मग दार कधी उघडायचं ते दुसरा कोण ठरवणार? 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'विंडोज अपडेट' डिसेबल करा.

---

डिचोलीकर | २६ ऑक्टोबर २०२५

खाजन, ते करून पाहिलं होतं मागे. दोन आठवड्यांनी आपोआप पुन्हा चालू झालेलं दिसलं.

---

म्हादयकाठी | २६ ऑक्टोबर २०२५

डिचोलीकर, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. मी फोंड्यात गेली एकोणीस वर्षं कार्यालयांचे संगणक सांभाळतो. हा प्रसंग मी वेगवेगळ्या दुकानांत इतक्या वेळा पाहिलाय की आज जरा सविस्तरच लिहितो.

आधी ते आपोआप चालू होण्याचं. विंडोजमध्ये 'विंडोज अपडेट मेडिक सर्व्हिस' नावाची आणखी एक सेवा असते. अपडेटची यंत्रणा कुणी बंद पाडली तर ती दुरुस्त करणं हेच तिचं काम. त्यामुळे सर्व्हिस डिसेबल करून मिळतो तो ताबा तात्पुरता, आणि गंमत म्हणजे वाईट प्रकारचा. अपडेट परत कधी सुरू होईल ते तुम्हाला कळत नाही. ताबा म्हणजे वेळ माहीत असणं.

आता वेळेचं. मायक्रोसॉफ्टची महिन्याची मुख्य सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. ही पद्धत ऑक्टोबर २००३ पासून चालू आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा ती सुटते. आपल्याकडे तेव्हा मंगळवारी रात्रीचे साडेदहा, त्यांचं घड्याळ हिवाळ्यात मागे गेलं की साडेअकरा. म्हणजे आपल्या संगणकाला ती पहिल्यांदा दिसते बुधवारी सकाळी, दुकान उघडल्यावर. डिचोलीचा बाजारही बुधवारी. महिन्यातला सगळ्यात गर्दीचा एक दिवस आणि अपडेट उतरण्याचा दिवस तुमच्याकडे एकच पडतो. १४ ऑक्टोबर हा दुसरा मंगळवारच होता.

पण खरी मेख पुढे आहे. अपडेटची सगळी रचना असं धरून चालते की संगणक रात्री चालू असतो, निदान प्लगला असतो. 'ॲक्टिव्ह अवर्स' म्हणजे तुमच्या कामाचे तास सांगितले की त्या तासांत ती स्वतःहून रीस्टार्ट करत नाही, बाहेरच्या वेळात करते. आपण गोव्यात काय करतो? गडगडलं की प्लग ओढतो. दुकान बंद करताना मेन स्विच पाडतो. आणि बरोबरच करतो, विजेने मोडेम, राउटर जळालेले मी दर पावसाळ्यात बघतो. पण मग त्या अपडेटला रात्र मिळतच नाही. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं की अपडेट नीट पोचायला संगणक सलग निदान दोन तास, आणि एकूण निदान सहा तास, चालू आणि इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. तुमच्या दुकानात हे तास फक्त दिवसाच मिळतात. म्हणून ती दिवसा डाऊनलोड होते, रीस्टार्टची वाट बघत बसते, आणि प्रिंटर अडकला म्हणून तुम्ही रीस्टार्ट केलंत की तिला तेच हवं असतं.

तर अपडेट बंद करू नका. तिला तुमच्या सोयीचा एक ठरलेला वेळ द्या आणि बाकीच्या वेळी दार लावून ठेवा.

विंडोज ११ होमवर असं करा. सेटिंग्ज, विंडोज अपडेट. तिथे 'पॉज अपडेट्स' आहे, एक ते पाच आठवडे निवडता येतात. होमवाल्यांना ही सोय २०१९ मध्ये मिळाली, त्याआधी फक्त प्रोला होती. मुदत संपली की मात्र आधी जमलेलं बसवावं लागतं, मगच पुन्हा पॉज मिळतो. म्हणजे कायमचं टाळता येत नाही, पण वेळ निवडता येते. मग महिन्यातला एक दिवस धरा. दुसऱ्या मंगळवारनंतर निदान आठ-दहा दिवसांनी येणारा, बाजार नसलेला, दुकान लवकर बंद करता येईल असा. त्या संध्याकाळी 'रिझ्यूम' दाबा, समोर बसून सगळं होऊ द्या, रीस्टार्ट करा, आणि उठताना पुन्हा पॉज करा.

आठ-दहा दिवस का थांबायचं? कारण याच महिन्यातलं आहे. १४ ऑक्टोबरच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या दुरुस्तीच्या पडद्यावर, म्हणजे संगणक सुरूच होत नाही तेव्हा जो निळा पडदा येतो तिथे, यूएसबीचे माउस आणि कीबोर्ड चालेनासे झाले होते. मायक्रोसॉफ्टने ते मान्य केलं आणि २० ऑक्टोबरला वेगळी दुरुस्ती काढली. ज्यांनी आठवडाभर पॉज ठेवला होता त्यांच्यापर्यंत हे पोचलंच नाही.

तिथेच 'गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल' असं एक बटण आहे, ते बंद ठेवा. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'गेट मी अप टू डेट' तेही बंद. त्याच्याजवळ 'नोटिफाय मी व्हेन अ रीस्टार्ट इज रिक्वायर्ड' आहे, ते मात्र चालू करा. ॲक्टिव्ह अवर्स आपोआप ठरवू देऊ नका, हाताने टाका. जास्तीत जास्त अठरा तास देता येतात. सकाळी सहा ते रात्री बारा टाकलंत तरी चालेल.

आणि प्रिंटर अडकला तर संगणक रीस्टार्ट करायची गरज नसते. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, यादीत 'प्रिंट स्पूलर'वर उजवं क्लिक, 'रीस्टार्ट'. दहा सेकंदांचं काम. हे एक शिकून घेतलंत तरी बुधवार सुखाचा जाईल.

---

खाजन | २७ ऑक्टोबर २०२५

म्हादयकाठी, तुमच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, पण एक गोष्ट सांगा. ऑक्टोबर २०१८ चं विंडोज १० चं मोठं अपडेट आठवतंय? लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली उडाल्या होत्या. मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. माझ्याकडे चाळीस जणांचे हिशोब आहेत. मी ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तेच जर फायली पुसणार असेल तर?

---

म्हादयकाठी | २७ ऑक्टोबर २०२५

खाजन, आठवतंय, आणि तुमची भीती खरी आहे. १८०९ नावाची आवृत्ती. काही दिवसांतच थांबवली आणि नोव्हेंबरच्या मध्याला दुरुस्त करून पुन्हा दिली. त्यात एक बारकावा आहे. पहिल्या दिवसांत ती मुख्यतः त्यांच्याकडे गेली ज्यांनी स्वतः 'चेक फॉर अपडेट्स' दाबलं होतं. ते बटण दाबणं म्हणजे 'मला आत्ताच द्या' असं सांगणं. ज्यांनी हात लावला नाही ते वाचले. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, ते बटण सहज म्हणून दाबायचं नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो, कारण चाळीस जणांचे हिशोब तुमच्याकडे आहेत. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं एक भोक बुजवणारी अपडेट दिली. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं घातक सॉफ्टवेअर आलं आणि नेमकं त्याच भोकातून आत शिरलं. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, रुग्णांना दुसरीकडे पाठवावं लागलं. फायली पुसल्या गेल्या नाहीत, कुलूपबंद झाल्या, आणि किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये पैसे मागितले गेले. ज्यांनी महिनाभर थांबून का होईना अपडेट घेतली होती त्यांच्या संगणकात ते त्या वाटेने आलंच नाही.

२०१८ मध्ये धोका होता तो पहिल्या आठवड्यात घाई करणाऱ्याला. २०१७ मध्ये धोका होता तो घेतलीच नाही त्याला. दोन्ही टाळायचे तर मधला काळ धरायचा: आठ-दहा दिवस थांबा, महिन्याच्या आत घ्या. तीन वर्षं म्हणजे मात्र फार झालं. हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. तुमच्या त्या एका संगणकात चाळीस घरांची कागदपत्रं आहेत म्हणून म्हणतो.

आणि अपडेट घ्यायच्या आधी फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, घेतल्यावर डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर कुलूप लावणारं तिलाही लावतं.

---

सुरंगी | २८ ऑक्टोबर २०२५

मी पेडण्याची. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. सध्या आमच्या गावच्या देवळाच्या जुन्या नोंदी लॅपटॉपवर उतरवून घेते आहे. घरात ब्रॉडबँड नाही, नातवाच्या फोनचा हॉटस्पॉट घेते. दिवसाला दीड जीबी मिळतं. कित्येकदा सकाळी नऊ वाजता मी फक्त लॅपटॉप सुरू केलेला असतो आणि साडेनऊला नातू विचारतो, "आजी, नेट कुठे गेलं?" त्याचा अभ्यास अडतो. मी तर काही पाहिलेलं नसतं. हेच अपडेट असेल का? आणि माझं वय बघता, ते पॉजचं लक्षात राहील असं वाटत नाही.

---

म्हादयकाठी | २८ ऑक्टोबर २०२५

सुरंगीताई, बहुतेक तेच. तुमच्यासाठी लक्षात ठेवायला नको असा उपाय आहे. नातवाच्या हॉटस्पॉटला जोडलेलं असताना सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, तिथे त्या हॉटस्पॉटचे गुणधर्म उघडा. 'मीटर्ड कनेक्शन' असं बटण दिसेल, ते चालू करा. म्हणजे लॅपटॉपला कळतं की या नळाचं पाणी मोजून मिळतं. मग तो मोठ्या अपडेट स्वतःहून ओढत नाही. अगदी अत्यावश्यक असं थोडंसं घेऊ शकतो, पण दीड जीबी संपणार नाही. एकदा केलंत की त्या हॉटस्पॉटसाठी ते तसंच राहतं.

अजून एक. विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'. त्यात दुसऱ्या संगणकांकडून अपडेट घेणं आणि त्यांना देणं असा प्रकार असतो. 'अलाऊ डाऊनलोड्स फ्रॉम अदर डिव्हाइसेस' बंद करा.

पण अपडेट अजिबात न घेणं बरं नाही. महिन्यातून एकदा लेकीकडे किंवा भाच्याकडे, जिथे फायबर आहे तिथे, लॅपटॉप घेऊन जा, चार्जरसकट. तिथलं वाय-फाय मीटर्ड नसेल. चहा, गप्पा होईपर्यंत सगळं बसतं. देवळाच्या नोंदींची एक प्रत मात्र पेनड्राइव्हवर आधी घ्या. त्या नोंदी परत मिळणाऱ्या नाहीत.

---

सुरंगी | २८ ऑक्टोबर २०२५

भाऊ, केलं. नातवाने शेजारी बसून केलं, मी वहीत लिहून घेतलं. देव बरें करूं.

---

काणकोणचा_वारा | २९ ऑक्टोबर २०२५

आमचं काणकोणला होमस्टे आहे. गेल्या वर्षी जुलैत एक कुटुंब सकाळी विमानतळावर गेलं आणि तासाभराने फोन आला की संगणक बंद आहेत, सगळं रखडलंय, पुढे काय होईल माहीत नाही. त्या दिवशी देशभर विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते. तेव्हापासून 'विंडोज अपडेट' म्हटलं की माझी बायको हातच लावू देत नाही. तेही अपडेटच होतं ना?

---

म्हादयकाठी | २९ ऑक्टोबर २०२५

अपडेटच होतं, पण विंडोजचं नव्हे. १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची स्वतःची फाइल होती. ती सदोष निघाली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. ते मोठ्या कंपन्या वापरतात, घरच्या संगणकात नसतं. पॉज केलं असतं तरी काही उपयोग नव्हता, कारण ती फाइल विंडोज अपडेटच्या वाटेने आलीच नव्हती.

तुमच्या प्रश्नातून एक महत्त्वाची गोष्ट निघते, ती म्हणजे विंडोज अपडेट हे एकच दार नाही. ब्राउझर स्वतः अपडेट होतो, अँटिव्हायरस स्वतः होतो, प्रिंटरवाल्यांचा प्रोग्राम स्वतः होतो. ब्राउझरचं मात्र कधीही थांबवू नका. बँकेचं, बुकिंगचं सगळं त्यातूनच चालतं. आणि ते बसायला ब्राउझर बंद करून उघडला की पुरतं.

वहिनींना सांगा, पाहुणे नसतील अशा दुपारी, पावसाळ्यात सोमवार-मंगळवार मोकळेच असतात, तेव्हा घ्या.

---

अबोली_पणजी | ३० ऑक्टोबर २०२५

मी लिनक्स मिंट वापरते, पाच वर्षं झाली. तिथे खालच्या पट्टीत ढालीसारखं चिन्ह येतं, किती अपडेट आहेत ते दिसतं, मला वाटेल तेव्हा मी बसवते. मध्येच रीस्टार्ट होत नाही. बसवण्याआधी 'टाइमशिफ्ट'ने यंत्रणेची प्रत घेता येते, बिघडलं तर दहा मिनिटांत मागे जाता येतं. जुन्या संगणकासाठी खरंच विचार करा.

---

डिचोलीकर | ३० ऑक्टोबर २०२५

अबोलीताई, मनात आहे. पण माझ्याकडे जुन्या मराठी फॉन्टचं टायपिंग सॉफ्टवेअर आहे, त्याला यूएसबीचं डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची छोटी किल्ली, लागतं. जत्रेच्या पुस्तिका, लग्नपत्रिका, जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली सगळ्या त्यातच. युनिकोडमध्ये नवं काम करतो, पण बारा वर्षांचं जुनं टाकून देता येत नाही. ते लिनक्सवर चालेल असं वाटत नाही.

त्यावरून माझा दुसरा प्रश्न. मागे एकदा अपडेटनंतर ते डोंगल ओळखायचंच थांबलं होतं. आणि त्या संगणकावर विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबरला त्याचा आधार संपला म्हणतात. आता त्याला अपडेट येणारच नाही म्हणजे माझी चिंता मिटली की वाढली?

---

म्हादयकाठी | ३१ ऑक्टोबर २०२५

वाढली. आधार संपला म्हणजे भोकं सापडायची थांबली असं नाही, बुजवायची थांबली. पण एक वर्षाची सोय आहे. 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स', १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. संगणकावर विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असायला हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. त्या खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर वेगळे पैसे पडत नाहीत. सेटिंग्जच्या विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' दिसेल. आजच करा. या वर्षात तुम्हाला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, नवं काही बदलणार नाही. तुमच्या डोंगलसाठी हे उलट चांगलं.

आता डोंगल. तो संगणक प्रो आहे, त्यामुळे तुमच्या हातात खूप आहे. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून 'जीपीएडिट डॉट एमएससी' हे इंग्रजीत टाइप करा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनन्ट्स, विंडोज अपडेट. तिथे 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' एनेबल करा. म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील, पण डोंगलच्या आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामला, विंडोज अपडेट हात लावणार नाही. त्याच यादीत 'कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स' आहे. ते एनेबल करून पर्याय क्रमांक २ घ्या. त्याचा अर्थ, डाऊनलोड करण्याआधीच विचार. तुम्ही हो म्हटल्याशिवाय महिन्याची अपडेट उतरणार नाही.

ही सोय होममध्ये नाही. इंटरनेटवर होममध्ये हे जीपीएडिट घुसवायच्या युक्त्या मिळतात, रजिस्ट्रीच्या तयार फायलीही मिळतात. अनोळखी ठिकाणची तयार फाइल दुकानाच्या संगणकावर चालवू नका, ही हात जोडून विनंती.

ड्रायव्हर बदललाच तर डिव्हाइस मॅनेजर, त्या उपकरणाचे गुणधर्म, 'रोल बॅक ड्रायव्हर'. आणि एखादी महिन्याची अपडेटच त्रास देत असेल तर अपडेट हिस्टरीमध्ये 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. मोठी आवृत्ती बदलली असेल तर मागे जायला साधारण दहा दिवस मिळतात, नंतर जुन्या फायली पुसल्या जातात.

एक राहिलं. नव्या संगणकावर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा. असेल तर एखाद्या अपडेटनंतर निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाऊ शकते. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. आजच कागदावर उतरवा आणि दुकानात नको, घरच्या कपाटात ठेवा.

---

खाजन | २ नोव्हेंबर २०२५

रविवारची वाट न बघता काल, शनिवारी रात्रीच बसलो. आधी सगळे हिशोब दोन डिस्कवर घेतले. अपडेट चालू केली. तीन वर्षांचं साचलेलं होतं, रात्री साडेअकराला सुरू केलं ते पहाटे तीनला संपलं. चार वेळा रीस्टार्ट झाला. फायली सगळ्या जागच्या जागी आहेत, एकेक वर्ष उघडून पाहिलं. म्हादयकाठी, ती वॉनाक्रायची तारखांची गोष्ट डोक्यात राहिली. आता पॉज लावलाय, पुढची तारीख कॅलेंडरवर लिहिली.

---

डिचोलीकर | २३ नोव्हेंबर २०२५

मंडळी, एक महिना झाला, कळवायचं राहून गेलं होतं.

११ नोव्हेंबर दुसरा मंगळवार होता. १२ ला बाजार. नव्या संगणकावर पॉज होता, जुन्यावर फक्त कोपऱ्यात एक सूचना आली की अपडेट उपलब्ध आहे, डाऊनलोड करायची का. काही केलं नाही. बाजार नेहमीसारखा गेला. साडेबाराला प्रिंटर अडकलाच. 'प्रिंट स्पूलर' रीस्टार्ट केला, रांगेतल्या माणसाला कळलंही नाही.

काल, शनिवारी, सात वाजता शटर अर्धं खाली घेतलं. आधी फायली डिस्कवर, डिस्क काढून पिशवीत. आभाळ मोकळं आहे ते बाहेर येऊन बघितलं. जुन्या संगणकावर सव्वा तास लागला, नव्यावर पन्नास मिनिटं. डोंगल लावून मागच्या वर्षीच्या जत्रेची पुस्तिका उघडली, अक्षरं जशीच्या तशी. एक पान छापून पाहिलं. मग पुन्हा पाच आठवडे पॉज. यूपीएसवर कागद चिकटवलाय, '१९ डिसेंबर, शुक्रवार, संध्याकाळी'.

यूपीएसची बॅटरी बदलली, राउटरला वेगळा छोटा यूपीएस घेतला. घरच्या इन्व्हर्टरवर मागे एक छोटी कळ आहे, ती 'नॉर्मल'वर होती. इलेक्ट्रिशियन म्हणाला, संगणक जोडायचा असेल तर ती 'यूपीएस'वर हवी, नाहीतर लाईट जाताना क्षणभराच्या झटक्यात संगणक बंद पडतो. घरी कुणाचा संगणक इन्व्हर्टरवर असेल तर ही कळ नक्की बघा.

त्या बाई परवा पुन्हा आल्या होत्या, धाकट्या मुलाच्या दाखल्यासाठी. ओटीपी आला, वाचला, टाकला. पावती घेऊन पाच मिनिटांत गेल्या.

---

सुरंगी | २३ नोव्हेंबर २०२५

डिचोलीकर, वाचून फार बरं वाटलं. मी गुरुवारी लेकीकडे म्हापशाला लॅपटॉप घेऊन गेले होते, तिथे सगळं झालं. एकच शंका. अपडेट होताना मी झाकण बंद केलं तर चालतं का? लेक म्हणाली नको, म्हणून उघडंच ठेवलं.

---

म्हादयकाठी | २३ नोव्हेंबर २०२५

लेकीचं बरोबर आहे, ताई. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि काम अर्धवट राहतं. चार्जर लावून, झाकण उघडं ठेवून, पूर्ण होऊन पासवर्ड विचारेपर्यंत तसाच असू द्या.